आधी टाकी, मग चहा

"त्या गॅलरीवर मार, रंग्या. मास्तरीणबाई अजून कोरड्याच उभ्या आहेत."

बाळूशेठ खालून हात करून सांगत होता. मी बंबाच्या टपावर पाय फाकून उभा होतो, बगलेत पाइप, हातात नोझल. मारला फवारा. मास्तरीणबाई किंचाळत आत पळाल्या आणि खाली चौकात एकच हशा झाला. हलगी कडाडत होती, लाउडस्पीकर बोंबलत होता आणि आमचं सारोळपेठ डोक्यापासून टाचेपर्यंत गुलाबी झालं होतं.

रंगपंचमीला नगरपालिकेचा बंब रंग उडवतो, हे तेव्हा आमच्या गावाचं भूषण होतं. आजूबाजूच्या खेड्यांतून लोक बघायला यायचे. बाळूशेठ म्हणजे नगराध्यक्षांचा पुतण्या. तो सकाळीच रंगाचं पोतं घेऊन फायर स्टेशनात हजर व्हायचा, टाकीचं झाकण उघडायचा आणि पोतं उलटं करायचा. रंग साधा नाही, सूत रंगवायचा पक्का. "साला आठवडाभर उतरला नाही पाहिजे," म्हणायचा. माझं नाव रंगनाथ, त्यामुळे नोझल धरायचा मान माझा. मान कसला, डोंबाऱ्याच्या माकडाला असतो तेवढाच. पण तेव्हा मला तो मान वाटायचा, खोटं कशाला बोलू. वर उभं राहिलं की गावातली झाडून सगळी माणसं माझ्याकडे बघायची. एरवी फायरमनकडे बघतो कोण?

बंब चालवायचा इस्माईलभाई. माझ्यापेक्षा वयानं मोठा, बोलायला कमी. त्याला हा प्रकार आवडत नसे. पण अध्यक्षांच्या पुतण्याला नाही म्हणायची छाती त्याची नव्हती आणि माझीही नव्हती. तो केबिनमध्ये काचा वर करून बसायचा आणि बाळूशेठ सांगेल तिकडं बंब हलवायचा.

त्या वर्षी ऊन फार होतं. मी नोझल खाली करून तोंडावरचा रंग पुसत होतो, तेवढ्यात घंटा ऐकू आली.

पहिल्यांदा वाटलं, मारुतीच्या देवळातली. चौकात कुणी मानही वळवली नाही. पण देवळातली घंटा एकदा वाजते, मग माणूस हात जोडतो, मग दुसरा येऊन वाजवतो. ही थांबतच नव्हती. एकसारखी, घाईनं, कुणीतरी दोरीला लोंबकळल्यासारखी. मी टपावर लाथ हाणली. इस्माईलभाईनं काच खाली केली.

"ऐकली का?"

"ऐकली," तो म्हणाला. "नानांची हाय."

त्यानं गाडी गिअरमध्ये टाकली तेव्हा मी अजून वरच होतो.

नानांची घंटा म्हणजे काय, ते सांगायला पाहिजे. आमच्या गावाचा पहिला बंब बैलांचा होता म्हणे. दोन माणसं दोन्ही बाजूंनी दांडा हापसायची, तेव्हा कुठं धार निघायची. आग लागली की आधी बैल शोधायला लागायचे. तो मी पाहिलेला नाही. पुढं कापसाची जिनिंग जळाली, गावात हाहाकार झाला, तेव्हा नगरपालिकेनं जुना ट्रक घेऊन त्यावर टाकी बसवली. त्याला सायरन नव्हता, मोठी पितळी घंटा होती. तो बंब हैबती लोंढे यांनी जन्मभर चालवला. आम्ही सगळे त्यांना नाना म्हणायचो. मला कामाला त्यांनीच घेतलं, त्यांनीच शिकवलं. नानांचे नियम दोनच होते. आगीवरून आलं की आधी टाकी भरायची, मग चहा प्यायचा. आणि आगीवर गेलं की आधी माणूस, मग माल. यात कुणी चुकलं तर नाना मारायचे नाहीत, पण चार दिवस त्याच्याशी बोलायचे नाहीत. त्यापेक्षा मार परवडला.

नवा बंब सायरनवाला आला, जुना भंगारात गेला. नाना रिटायर झाले तेव्हा त्यांना शाल-श्रीफळ नको होतं, त्यांनी घंटा मागितली. नगरपालिकेच्या साहेबांनी दिली. नानांनी ती आपल्या घराच्या चौकटीला टांगली आणि पुढं दोन पावसाळे बघून गेले. आगींच्या धुरानं छाती कधीच खाल्ली होती. मागं राहिल्या गयाकाकू एकट्या. पोरबाळ नाही. चौकामागच्या गल्लीत नानांचं पत्र्याचं घर, पुढं लहानशी पडवी. पडवीत चूल आणि भिंतीला लावून रचलेल्या पऱ्हाट्या. कापसाचं गाव, सगळ्यांच्या घरी जळण तेच.

गल्लीच्या तोंडाशी बंब अडकला. पुढं जागाच नव्हती. मी उडी मारली आणि पाइप ओढत पळालो. मागून निम्मा चौक पळत आला.

पऱ्हाट्यांनी पेट घेतला होता. वाळलेल्या पऱ्हाट्या कशा पेटतात ते ज्यानं बघितलंय त्यालाच कळेल. नुसता तडतडाट. पडवीचं तोंड जाळानं बंद झालं होतं आणि त्या जाळाच्या पलीकडे, दाराच्या चौकटीत काकू उभ्या होत्या. डाव्या हातात घंटेची दोरी. मागं दार नव्हतं, खिडकीला गज. दोरी ओढायची तर जाळाच्या जवळ यावं लागत होतं, तरी ओढत होत्या.

"पाणी सोडा," मी ओरडलो. पाइप फुगला, नोझलनं झटका दिला. मी काकूंच्या दिशेनं रोखलं. आम्हाला शिकवलेलंच होतं तसं. माणूस आत असलं की आधी त्याला भिजवायचं, दार भिजवायचं, पाण्याचा पडदा करायचा आणि त्यातून त्याला ओढून काढायचं. विचार करायचं कामच नाही.

आणि गुलाबी धार बाहेर पडली.

"अरे ए, काकूवर रंग उडवू नको रे," मागून एक बाई ओरडली. "कुंकू पुसलेली बाई आहे ती."

"पाप लागंल, रंग्या," दुसरं कुणीतरी म्हणालं. "तिकडं बाजूला मार, पऱ्हाट्यावर मार."

आणि मी नोझल फिरवलं.

किती वेळ, ते विचारू नका. जास्त नाही. पऱ्हाट्यांवर मारत राहिलो. वाफेचे लोट उठले, गुलाबी पाणी भिंतीवर आपटून माझ्याच अंगावर येत होतं. मला वाटत होतं, ही विझली की काकू चालत बाहेर येतील, कोरड्या. कुणाचं काही बिघडणार नाही. गावही बोलणार नाही आणि काकूही. पण ढीग खालून पेटलेला होता, वरचा विझला की आतला भडकत होता. घंटा वाजत होती. मग तिचा आवाज खाली आला, तुटक झाला. इस्माईलभाई मागून आला. मी त्याला आयुष्यात कधी शिवी देताना ऐकलं नव्हतं, तेव्हा ऐकलं.

"माणसावर मार, हरामखोर. माणसावर."

त्यानं माझ्या हातांवर हात ठेवून नोझल वळवलं. धार थेट काकूंच्या छातीवर बसली, त्या मागं आपटल्या, दार भिजलं, चौकट भिजली. मी नोझल इस्माईलभाईच्या हातात सोडून आत शिरलो आणि काकूंना उचलून आणलं. त्या फार हलक्या होत्या.

समोरच्या ओट्यावर बसवलं. डोक्यापासून पायापर्यंत गुलाबी. फिकं राखाडी लुगडं, पांढरे केस, कपाळ, सगळं. डाव्या हाताची कातडी मनगटापासून कोपरापर्यंत सोलवटून निघाली होती. आणि गल्लीतल्या बायका काय करत होत्या, सांगू? एक पदरानं काकूंचं कपाळ पुसत होती.

"अगं बाई, कपाळाला लागला गं. पुसा, पुसा लवकर."

काकूंनी उजव्या हातानं तिचा हात बाजूला केला. "कपाळ राहू दे," त्या म्हणाल्या. "हाताला काहीतरी लाव आधी."

कुणीतरी खोबरेल तेल आणायला पळालं. मागं इस्माईलभाई उरलेल्या ढिगावर पाणी मारत होता. काकूंनी एकदा जळालेल्या पडवीकडे बघितलं, एकदा भिंतीकडे. चुन्याची पांढरी भिंत गुलाबी झाली होती आणि ओघळ अजून खाली येत होते. मग त्या म्हणाल्या, "रंगा, इकडं ये."

मी जाऊन समोर उभा राहिलो.

"पुरण शिजत ठेवलं होतं चुलीवर," त्या म्हणाल्या. "आत वेलची वाटायला गेले. ठिणगी उडाली असंल. नानांच्या घराला आग लागली, आता मी गावाला तोंड कसं दाखवू."

"असं काय म्हणता काकू. कुणाच्याही घरी होतं."

"कुणाच्याही घरी होतं, पण बंबवाल्याच्या घरी व्हायला नको." त्या थांबल्या. धाप लागली होती. मग माझ्या शर्टाला दोन बोटं लावली आणि ती डोळ्यांजवळ नेली. "टाकीत रंग कुणी घातला?"

मी बाळूशेठकडे बघितलं. तो गर्दीत मागं सरकला.

"काकू, रंगपंचमी आहे ना. दरवर्षी..."

"दरवर्षी?"

त्यांना माहीतच नव्हतं. हे नाना गेल्यावर सुरू झालं, आणि तेव्हापासून या दिवशी त्या दार लावून आत बसायच्या. कुणाचा रंग आपल्यावर उडायला नको, आपलं तोंड सणात कुणाला दिसायला नको. बाहेर बंब काय करतो, त्यांना कोण सांगणार?

"नानांच्या बंबात रंग," त्या म्हणाल्या.

"काकू, तो जुना भंगारात गेला. हा नवा..."

"बंब नवा असंल. काम जुनंच ना?"

अंगावर रंग टाकला म्हणून काकू मला शिव्या घालतील, याचीच मी मनात तयारी केली होती. त्याचं त्यांना काहीच नव्हतं. तेल आलं. एक पोरगी हाताला लावायला बसली, काकूंनी दात आवळले आणि तेवढ्यात पुन्हा मान वर केली.

"आणि धार बाजूला का नेलीस? मी बघत होते."

"लोक म्हणाले, काकू. तुमच्यावर रंग नको म्हणाले."

"लोक म्हणाले." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं नाना बघायचे, बोलणं बंद करण्याआधी. "लोक पेटले होते का?"

नंतर काय झालं ते सांगायची लाज वाटते, पण तेच तर सांगायचं आहे. तालुक्याच्या साप्ताहिकात फोटो आला, गुलाबी भिंत, मी आणि इस्माईलभाई. वर मथळा, 'रंगानं विझवली आग'. बाळूशेठनं चौकात आमचा सत्कार ठेवला. इस्माईलभाई ताप आला म्हणून घरी राहिला. मी गेलो. शाल पांघरून घेतली, हार घातला, बत्तीशी काढून फोटोला उभा राहिलो. बायकोनं शाल ट्रंकेत घडी करून ठेवली. काकू तेव्हा सरकारी दवाखान्यात होत्या. तिकडं मी दोनदा गेलो आणि दोन्ही वेळा दारातून बघून परत आलो.

त्या घरी आल्यावर गल्लीनं वर्गणी काढून भिंतीला चुना द्यायचं ठरवलं. काकूंनी नको म्हटलं. "असू दे," म्हणाल्या. "येणारा-जाणारा विचारतो. मग सांगते." गावातली टवाळ पोरं त्या घराला 'गुलाबी बंगला' म्हणायला लागली. मी त्या गल्लीनं जायचंच सोडून दिलं. घराकडे जायला लांबचा रस्ता धरला, बाजारातून वळसा घालून.

आणि मग पुढची रंगपंचमी आली.

बाळूशेठ सकाळी पोतं घेऊन आला. मी म्हटलं, "शेठ, यंदा नको. गेल्या वर्षीचं माहीत आहे ना?"

"गेल्या वर्षी काय झालं? आग विझली ना?"

"विझली, पण..."

"मग झालं तर. साहेबांना फोन लावू का? का तुला बदली पाहिजे मैलागाडीवर?"

मी इस्माईलभाईकडे बघितलं. तो जमिनीकडे बघत होता. दोघंही बायकापोरांचे धनी. नडायला अंगात काहीतरी लागतं, ते माझ्यात नव्हतं. झाकण मीच उघडलं. बाळूशेठ या खेपेला वर चढलाच नाही, पोतंही मीच उलटं केलं.

चौकात गर्दी गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट होती. गुलाबी बंगल्याची गोष्ट पंचक्रोशीत गेली होती ना. मी टपावर चढलो. धार सुटली. लोक नाचायला लागले. मी काकूंच्या गल्लीकडे पाठ करून उभा राहिलो होतो, मुद्दाम.

आणि घंटा वाजली.

या खेपेला सगळ्यांनी ऐकली. हलगी थांबली. कुणीतरी लाउडस्पीकरची वायर ओढली. नुसती घंटा, एकसारखी. इस्माईलभाईनं बंब हलवला तेव्हा माझ्या मनात एकच होतं, या वेळी नोझल फिरवायचं नाही, काही झालं तरी काकूंवरच धार धरायची. गल्लीच्या तोंडाशी उडी मारली, पाइप ओढला, पळालो. सगळा चौक मागं.

जाळ नव्हता. धूर नव्हता. पडवी नवी बांधली होती, भिंत तशीच गुलाबी. काकू चौकटीत उभ्या होत्या. तसल्याच राखाडी लुगड्यात होत्या, डाव्या हाताची कातडी सुरकुतून चकाकत होती, आणि त्याच हातानं त्या दोरी ओढत होत्या.

"कुठं लागली, काकू?" मला धाप लागली होती.

त्या दोरी ओढतच राहिल्या. माणसं मागून येत होती, गल्ली भरली, शेजारच्या माड्यांवर बायका आल्या. सगळे रंगलेले. काकूंनी सगळे येईपर्यंत घंटा वाजवली, मग दोरी सोडली.

"टाकीत काय हाय, रंगा?"

माझ्या हातात नोझल होतं. त्याच्या तोंडातून गुलाबी थेंब पायावर पडत होते. त्या काय आंधळ्या नव्हत्या.

"काकू..."

"टाकीत काय हाय, विचारलं."

"रंग."

"मागच्यांना ऐकू गेलं नाय. मोठ्यानं सांग."

मी चाळिशीला टेकलेला माणूस होतो. माझी पोरगी त्या गर्दीत होती, तिच्या मैत्रिणींबरोबर. माझ्याकडे बघत होती. इस्माईलभाईनं डोक्यावरची टोपी काढून हातात धरली होती.

"रंग हाय," मी ओरडलो. "टाकीत रंग हाय, काकू."

कुणी हसलं नाही. काकूंनी मान हलवली, जसं काही पाव्हण्यानं नाव सांगितलं. मग त्या आत गेल्या आणि दार लावून घेतलं. सणाच्या दिवशी लावत तसं.

मी बंबाकडे गेलो. गर्दीनं वाट करून दिली, जो तो मला हात लावायचं टाळत होता असं वाटलं, कदाचित तो माझ्या मनाचा खेळ असेल. बाळूशेठ आडवा आला. "चल, चल, चौकात चल. म्हातारीला काय उद्योग नाही." मी गाडीखाली वाकलो आणि टाकीचा खालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडला. सगळं पाणी भडाभडा गल्लीत सुटलं, लोकांच्या पायांतून चौकाकडे वाहत गेलं. बाळूशेठनं माझी गचांडी धरली. इस्माईलभाईनं त्याला नुसता हात लावून बाजूला केला आणि म्हणाला, "शेठ, आता नाही." यापुढं काय झालं ते नोकरीतलं रडगाणं आहे. काही महिने मी खरंच मैलागाडीवर होतो. मग परत बंबावर आलो. बंबात मात्र पुन्हा कधी रंग पडला नाही.

लोक मला अजून म्हणतात, रंगनाथ, तू टाकी सोडलीस म्हणून थांबलं हो ते. ते खरं नाही. काकूंनी एकदा हात जाळून घेऊन घंटा वाजवली, तेवढ्यानं मला कळायला पाहिजे होतं. त्या बाईला दुसऱ्यांदा वाजवावी लागली.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत मी आणि इस्माईलभाई टाकीत उतरून घासत होतो. नारळाच्या शेंड्या, राख, सोडा, जे मिळेल ते. पक्का रंग, सहज निघतोय होय. दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंच्या शेजारची पोरगी स्टेशनात निरोप घेऊन आली, काकूंनी बोलावलंय. बंबाशिवाय मी त्या गल्लीत बऱ्याच दिवसांनी गेलो. भिंतीकडे न बघता पडवीत जाऊन उभा राहिलो.

काकू चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी बसायलाही सांगितलं नाही.

"टाकी धुतलीस?"

"धुतली, काकू."

"पाणी भरलंस?"

"भरलं."

"चाखून बघितलंस?"

"बघितलं. स्वच्छ हाय."

त्यांनी चुलीत दोन पऱ्हाट्या सारल्या आणि फुंकर मारली. "मग बस," त्या म्हणाल्या. "चहा टाकते."

मी बसलो. चहा उकळला, त्यांनी गाळला आणि त्या भाजलेल्या हातानं कप माझ्यापुढं धरला. मी तो दोन्ही हातांनी घेतला. कप रिकामा होईपर्यंत मान वर करून त्यांच्याकडे बघायचं काही मला जमलं नाही.